राणीच्या अंगठ्याचे नख आणि चालणारे दगड

एका राज्यात मुकुटापेक्षा पायाच्या अंगठ्याला जास्त मान होता. मुकुटाचे काय, तो कोणाच्याही डोक्यावर बसतो. अंगठा मात्र राज्यकर्त्याचाच लागे, कारण त्या राज्याच्या शिवेवरचे दगड चालत असत. वर्षातून एकदा, वसंतातल्या पौर्णिमेला, राजाने अनवाणी शीव फिरायची, प्रत्येक दगडाला उजव्या पायाचा अंगठा टेकवायचा आणि म्हणायचे, “इथेच थांब.” मग दगड वर्षभर थांबे. अंगठा नीट टेकला नाही तर मात्र तो रोज रात्री थोडा थोडा आत सरके. शिवेबाहेर धुके होते. दगड आत आला की धुकेही आत येई, आणि धुक्यात जो सापडे तो झोपी जाई. मरत नसे, पण उठतही नसे.

या राज्याचे राजे चंद्रवंशी, आणि चंद्रावर त्यांची भक्ती अंमळ जास्तच. दारे कमानीची, रस्ते वळणाचे, शेतातले नांगराचे तास वाकडे. सुताराला दोरी ताणून रेघ मारायची मनाई होती. भाकरीसुद्धा अशी मोडायची की उरलेल्या तुकड्याची कोर दिसावी. मग राजाच्या नखांनी तरी का मागे राहावे? दर महिन्याला आकाशात द्वितीयेची कोर दिसली की दरबारात नखविधी होई. सोन्याच्या नऱ्हाणीने अंगठ्याच्या नखाचे दोन्ही कोपरे आतपर्यंत खोल कोरत आणि नखाची चंद्रकोर करत. नंतर त्या पायात चोचदार, रत्नजडित मोजड्या चढवत.

नऱ्हाणी आणि मोजड्या, दोन्ही लुटीतल्या होत्या. कधी काळी आताच्या राणीच्या पणजोबांनी करालनाथ नावाच्या मांत्रिकाला हरवून शिवेपार धुक्यात हाकलले आणि त्याचा खजिना उघडला, तेव्हा हा ऐवज सापडला. जाता जाता करालनाथ म्हणाला होता, “न्या, खुशाल न्या. डोक्यापासून नखापर्यंत चंद्र व्हा.” पणजोबांना तो आशीर्वाद वाटला. राजे लोकांना काय, सगळेच आशीर्वाद वाटतात.

पणजोबा शेवटी लंगडत गेले. आजोबा लंगडत गेले. वडील तर पलंगावरच गेले, आणि मग गादीवर आली राणी मृगांकवती.

राणी स्वभावाने शांत, बोलायला मोजकी, आणि कोणी आपली कीव केलेली तिला मुळीच खपत नसे. म्हणून पहिली कित्येक वर्षे तिने कोणाला काही सांगितले नाही. उजव्या अंगठ्याची आतली कड आधी नुसती हुळहुळायची. मग लाल झाली, मग सुजली. मोजडीत पाय घातला की डोळ्यांत पाणी यायचे. पुढे पुढे अंगावरच्या पासोडीचाही भार त्या अंगठ्याला सोसेना. नखाच्या कडेशी पाणी सुटले, पू धरला. कोणी म्हणाले नखुरडे झाले, कोणी म्हणाले दृष्ट लागली. लेप झाले, ताईत झाले, अंगठ्यावरून लिंबू उतरून झाले. लिंबांचे सरबत केले असते तर निदान कोणाची तहान भागली असती.

दर नखविधीला नखाधिकारी त्रिमलपंत रुतलेला कोपरा आणखी खोल काढत. दोन दिवस राणीला बरे वाटे. “पाहा, उतार पडला,” पंत म्हणत, आणि मनापासून आनंदत. मग नख वाढू लागे, कोरलेल्या कोपऱ्याचे टोक पुन्हा मांसात शिरे, आणि ठणका आधीपेक्षा वाढलेला असे.

त्या वर्षीच्या शीवफेरीत राणीने दात आवळून दगडांना अंगठा लावला खरा, पण टेकवला नाही, नुसता हलकेच शिवला. दगडांना ते कळले.

एका सकाळी दरबारात बोरखडी गावची येसाई आली. हातात गाठोडे, कपाळावर आठ्या. वाकून मुजरा केला आणि म्हणाली, “बाईसाहेब, शिवंचा दगड काल माझ्या आंगणात व्हता. आज उठून बघते तर चुलीम्होरं येऊन बसलाय.”

“घरात शिरला?”

“निम्मं घर तुमच्या राज्यात ऱ्हायलं, निम्मं धुक्यात गेलं. माझा म्हातारा त्या निम्म्यात निजला व्हता. हाका मारल्या, भांडी वाजवली. घोरतोय, पर उठंना.”

येसाई रडली नाही. ती राणीच्या पायाकडे बघत राहिली, आणि राणीला आयुष्यात पहिल्यांदा पाय वस्त्राखाली ओढून घ्यावासा वाटला. आपल्याला दुखते म्हणून दुसऱ्या कोणाचा नवरा निजून राहिला आहे, ही लाज ठणक्यापेक्षा खोल गेली.

“येसाई, तू इथेच राहा,” राणी म्हणाली. “तुझा माणूस जागा झाल्याशिवाय मी गादीवर बसणार नाही.”

सेनापतीने तलवारीला हात घातला. “शाप करालनाथाचा आहे. आज्ञा व्हावी, त्याचे मुंडके आणतो.”

“आणि धुक्यात झोप लागली तर?” राणीने विचारले. सेनापतीने हात काढून घेतला.

राजवाड्यामागे कमळांचे तळे होते. तिथले पक्षी बोलत. मासे बोलत नसत, हे एक बरे होते. राणी तळ्याकाठी जाऊन बसली आणि मोजडी काढून अंगठ्यावर फुंकर घालू लागली. तेव्हा कमळाच्या पानांवरून एक कमळपक्षीण चालत आली. तिची बोटे लांबच लांब, नखे त्याहून लांब आणि सुईसारखी सरळ. पानावर पाय पसरून ठेवी, आणि पान बुडत नसे.

“राणी, पाय पाहू,” पक्षीण म्हणाली.

राणीने पाय पुढे केला. पक्षिणीने मान वाकडी करून अंगठा निरखला.

“हे नख कोणी कुरतडले?”

“कुरतडले नाही. तो विधी आहे.”

“असेल. करालनाथाकडे जा.”

“धुक्यातून कशी जाऊ? जाईन ती झोपेन.”

“तुला आज किती रात्री झोप नाही?”

किती रात्री ते राणीलाही आठवत नव्हते.

“ज्याचा अंगठा ठणकतो त्याला धुके झोपवू शकत नाही,” पक्षीण म्हणाली. “साऱ्या राज्यात ती वाट चालू शकेल अशी तू एकटीच आहेस. तलवार घेऊ नकोस. मी डोक्यावरून उडत येते, उंच हवेत धुके नसते.”

दुसऱ्या दिवशी राणी पालखीतून बोरखडीपर्यंत गेली आणि येसाईच्या चुलीपुढचा दगड ओलांडून धुक्यात उतरली. पलीकडच्या अर्ध्या घरात कोंडाजी म्हातारा घोंगडीवर घोरत होता. तिने त्याची सरकलेली घोंगडी नीट केली आणि पुढे निघाली. वाटेत झोपलेली गुरे होती, झोपलेले कुत्रे होते, उभ्याउभ्या निजलेला एक घोडा होता. धुके राणीच्या डोळ्यांशी आले, पापण्यांवर बसले, आणि दर पावलाला मोजडीच्या चोचीत अंगठा दबून अशी काही कळ मारी की पापण्या झटकन उघडत. आयुष्यात प्रथमच त्या दुखण्याचा काही उपयोग झाला.

टेकडीवर एक पडका बुरूज होता. दारात करालनाथ बसला होता. जटा गुडघ्यापर्यंत, दाढी पोटापर्यंत, आणि पाय एका जुन्या कांबळ्याखाली झाकलेले.

“लंगडत आलीस,” तो म्हणाला. “म्हणजे तू चंद्रवंशाची.”

“शाप मागे घे, करालनाथा.”

“कसला शाप? मी तुमच्या नखावर मंत्र टाकला नाही. अरुंद मोजडी दिली, वाकडी नऱ्हाणी दिली आणि खोटी स्तुती केली. बाकी सगळे तुमच्या घराण्याने हौसेने केले.”

राणीला संताप आला. पण संताप करायला उभे राहावे लागते, आणि तिच्याने उभे राहवेना. ती दारातच बसली.

“उपाय सांग,” ती म्हणाली. “माझ्यासाठी मागत नाही. शिवेवरचा एक म्हातारा झोपला आहे.”

करालनाथाने तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिले. आजवर त्याच्याकडे चंद्रवंशातले जे कोणी आले ते तलवार घेऊन आले होते, आणि उंबऱ्याच्या आधीच झोपले होते.

“तीन वस्तू मिळव,” तो म्हणाला. “यक्षाच्या कुंडाचे ऊन पाणी. नखाखाली ठेवायला सावरीचा कापूस, जो हाताने तोडलेला नाही. आणि तुझ्या राज्यातली एक सरळ रेघ. रेघ सापडेल तेव्हा नख तिच्याबरोबर कापायचे. तोवर नखाला शस्त्र लावायचे नाही, कोपऱ्याला तर कधीच नाही. आणि ऐक. लाली पावलावर चढू लागली, ताप भरला, तर पाण्यावर विसंबून बसू नकोस. त्याच दिवशी शस्त्रवैद्याला बोलाव.”

राणीचा चेहरा उतरला. वडिलांची लाली पोटरीपर्यंत चढली होती, आणि तरी दरबार पुढच्या नखविधीची वाट पाहत बसला होता.

“माझ्या मोजड्या इथे ठेव,” करालनाथ म्हणाला. “माझ्या आहेत.”

राणीने मोजड्या काढल्या. अंगठा मोकळा झाला आणि तिच्या तोंडून एवढा मोठा सुस्कारा निघाला की तिचे तिलाच हसू आले. पण परतीच्या वाटेवर त्याचीच पंचाईत झाली. पाय दबेना, कळ येईना, आणि धुके गोड लागू लागले. राणी घोड्याशेजारी थांबली, टेकली, डोळे मिटू लागली. तेवढ्यात वरून कमळपक्षीण झेपावली आणि नेमकी त्याच अंगठ्यावर चोच मारून पुन्हा वर उडाली. राणीची किंकाळी बोरखडीत ऐकू गेली. पण ती जागी झाली आणि चालत बाहेर आली.

पहिले काम कुंडाचे. डोंगराच्या पायथ्याशी ऊन पाण्याचे कुंड होते आणि त्याचा यक्ष काठावर पाय सोडून बसलेला असे. राणीने घाईने पाय आत टाकला आणि तसाच ओढून घेतला.

“पोरी, बाळाला न्हाऊ घालतात तेव्हा पाणी कशाने पाहतात?” यक्षाने विचारले.

राणीला आठवेना, कारण तिला न्हाऊ घालणाऱ्या दाया होत्या. मग आठवले. तिने घागरीत पाणी घेतले, थोडे निववले, त्यात कोपर बुडवून पाहिले. कोपराला सोसले तेव्हा त्यात मूठभर मीठ विरघळवले आणि पाय सोडला. ठणका गेला नाही. पण वाद घालून दमलेल्या माणसासारखा जरा खाली बसला.

“सकाळ, दुपार, संध्याकाळ,” यक्ष म्हणाला. “आणि नंतर कोरडा करायचा. ओला पाय ठेवशील तर माझे पाणी फुकट.”

दुसरे काम कापसाचे. माळावर काटेरी खोडाची एकच सावर होती आणि तिची बोंडे नुकतीच फुटली होती. राणी कापसामागे धावली की कापूस वाऱ्यावर पुढे पळे, ती लंगडत वळली की मागे पळे. शेवटी ती वैतागून, पाय पसरून झाडाखाली बसली आणि हात मांडीवर ठेवून गप्प राहिली. मग एक पुंजका आला, तिच्या ओटीत बसला, आणि त्याच्यामागे बाकीचे आले.

त्या कापसाची वात येसाईने वळायला शिकवली. राणीची पहिली वात पाहून ती म्हणाली, “आवो, ही समईत घालायची न्हाई. सुतावाणी बारीक पायजे.” मग पाय भिजून नख मऊ झाले की राणी ती बारीकशी वात नखाच्या कोपऱ्याखाली हलक्या हाताने सरकवी, म्हणजे टोक मांसावरून उचललेले राही. दुखे. पहिल्या दिवशी तर ती ओठ चावून बसली. रोज जुनी वात काढायची, नवी घालायची, पायात काही चढवायचे नाही. झाडांच्या सावलीला सावकाश हिंडायचे.

तिसरे काम मात्र होईना. सरळ रेघ शोधत राणी राज्यभर हिंडली. रस्ता पाहिला, वळला. भिंत पाहिली, पोक काढून उभी. नांगराचे तास पाहिले, त्यांनी कमान केली. सुतारांनी हात जोडले, “सरकार, आमच्या आज्ज्यापासून सरळ मारलीच न्हाई. हाताला येईना झालीय.” इकडे दगड सरकतच होते. बोरखडीचे उरलेले घरही गेले, मग पाणवठा गेला, मग चिंचेचे बन गेले. माणसे गाठोडी घेऊन राजवाड्याच्या ओसरीवर येऊन राहिली. कोणी राणीला बोल लावला नाही. लावला असता तर तिला बरे वाटले असते.

अशात द्वितीयेची कोर उगवली. त्रिमलपंत तबकात सोन्याची नऱ्हाणी घेऊन आले. त्यांचे डोळे भरले होते.

“सरकार, पौर्णिमेला शीवफेरी आहे. आपण चालणार कशा? नखाला बाजूने टोक आले आहे, ते दिसते आहे मला. एवढा कोपरा काढू द्या. आत्ता उतार पडेल. बाहेर माणसे ओसरीवर झोपली आहेत.”

ओसरीवर कोणाचे तरी लहान मूल रडत होते. अंगठा ठणकत होता. आणि खरेच, कोपरा काढला की आत्ता, या घटकेला बरे वाटेल, हे राणीला ठाऊक होते. तिने नऱ्हाणी हातात घेतली. पाते कोपऱ्याशी नेले.

“पंत,” ती म्हणाली, “तुम्ही माझ्या वडिलांचीही सेवा केलीत.”

“प्राणापलीकडे केली, सरकार.”

“माझे वडील कशाने गेले?”

हे पंतांना आजवर कोणी विचारले नव्हते. त्यांनी स्वतःला तर नव्हतेच विचारले. ते खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान मुलासारखे रडू लागले.

राणीने नऱ्हाणी तबकात ठेवली. “रडू नका. तुम्ही शिकवले तसेच केलेत. पण आता ऊन पाणी आणा.”

पंतांनी स्वतः घंगाळ उचलून आणले, कोपर बुडवून पाहिले, मीठ टाकले. राणीने पाय सोडला. पाणी डचमळले, गोल गोल लाटा काठापर्यंत जाऊन आल्या, आणि हळूहळू सगळे निवांत झाले. राणीने पाय वर ओढायला घेतला. नख पाण्याबाहेर अर्धे आले आणि ती थांबली.

नखावर पाण्याची कड टेकली होती. या काठापासून त्या काठापर्यंत ती कड सरळ होती. घंगाळ गोल होते, महालाची कमान वाकडी होती, पंतांची पाठ वाकली होती. पाण्याला मात्र कोणी चंद्रवंशाचा नियम सांगितला नव्हता.

“पंत, ही पाहा रेघ,” राणी हळूच म्हणाली.

नख अजून पुरते वाढायचे होते. राणीने वाट पाहिली. तिच्या वाट पाहण्याची गोष्ट सांगण्यासारखी नाही, कारण तिच्यात काहीच घडत नाही: पाणी, पुसणे, वात, आणि पुन्हा पाणी. पण सगळ्या पराक्रमांत मला तोच मोठा वाटतो. सूज उतरली. पू आटला. लाली गुलाबी झाली आणि गुलाबी कातडीच्या रंगाला मिळाली. नखाचा कोपरा मांसाच्या वरून बाहेर डोकावला. पौर्णिमेच्या सकाळी राणीने पाय पाण्यात धरला, पाण्याच्या कडेबरोबर काजळाची खूण केली, आणि साध्या लोखंडी नऱ्हाणीने नख आडवे, सरळ, कोपरे राखून कापले. एवढ्याने काम झाले.

मग ती अनवाणी शिवेला निघाली. मागे सगळा गाव. पहिल्या दगडाला तिने अंगठा टेकवला. नुसता शिवला नाही, भार देऊन टेकवला, आणि म्हणाली, “आपल्या जागी जा.” दगडाने क्षणभर विचार केला. मग आल्या वाटेने मागे सरकू लागला, आणि त्याच्यासमोरून धुके मागे हटू लागले. दुसरा गेला, तिसरा गेला. चिंचेचे बन सुटले, पाणवठा सुटला. प्रत्येक दगडाला अंगठा लावताना राणी आधी श्वास रोखी, सवयीने. आणि कळ आली नाही की तिला नवल वाटे.

शेवटचा दगड येसाईचा. तो तिच्या घरातून परसापर्यंत आला होता. राणीने अंगठा टेकवला. दगड उठला, परसातून घरात शिरला, चुलीला वळसा घालून पुढच्या दाराने बाहेर पडला आणि अंगण ओलांडून शिवेवर आपल्या खळग्यात जाऊन बसला. मुक्काम लांबलेला पाहुणा शेवटी निघावा, तसा.

आतून खोकल्याचा आवाज आला. कोंडाजी घोंगडीवर उठून बसला होता.

“चूल इझली का गं?” तो म्हणाला. “भाकरी न्हाई टाकली अजून?”

तेव्हा मात्र येसाई मटकन खाली बसली आणि इतक्या दिवसांचे सगळे रडून घेतले. राणीने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तीही रडली. कीव आवडत नसे तिला, पण ही कीव नव्हती.

धुके टेकडीपर्यंत मागे गेले होते आणि तिथे थोडेसे अडले होते. त्यातून कोणीतरी लंगडत उतरत होते. करालनाथ. शिवेच्या पलीकडे तो थांबला. आज त्याच्या पायावर कांबळे नव्हते, आणि सगळ्यांना दिसले: त्याची नखे वाढून, जाड होऊन, मेंढ्याच्या शिंगांसारखी वळून बोटांत रुतली होती.

“वाकता येत नाही,” तो म्हणाला. “शंभर वर्षे झाली, आणि धुक्यात जागे कोणी नाही. सांगणार कोणाला?”

सेनापतीने राणीकडे पाहिले. राणीने पंतांकडे पाहिले. पंतांनी घंगाळ उचलले आणि येसाईच्या चुलीवर पाणी ठेवायला गेले.

पाणी आले. राणी दगडावर बसली, मांत्रिकाचे पाय घंगाळात सोडले, नखे मऊ होईतो थांबली. मग पाण्याच्या कडेबरोबर एकेक नख सरळ कापले. शेवटचे नख पडले तेव्हा टेकडीवरचे उरलेले धुकेही विरून गेले. वरचा घोडा जागा होऊन खिंकाळला. करालनाथाने पाय जमिनीवर ठेवला, दाबून पाहिला, आणि त्याच्या तोंडून तोच सुस्कारा निघाला जो त्या दिवशी राणीच्या तोंडून निघाला होता.

“अजून एक करायचे राहिले,” राणी म्हणाली. “माझ्या पणजोबांनी तुला हाकलले. त्यांच्या वतीने मी म्हणते, अलीकडे ये.”

सोन्याच्या नऱ्हाणीची समई झाली नाही, दागिनाही झाला नाही. ती वितळवून बोरखडीच्या पाणवठ्यावर एक सरळ पट्टी बसवली, पाण्याच्या कडेला समांतर. मोजड्या कोणी घातल्या नाहीत. कमळपक्षिणीने त्यातल्या एकीत घरटे केले आणि दुसरीला नावे ठेवली. राज्यात दारे कमानीचीच राहिली, लोक भाकरीही कोर राखूनच मोडत राहिले, कारण चंद्राचा त्यात काही दोष नव्हता. नखे तेवढी सरळ झाली.

दगड आजही शिवेवर आहेत. राणीच्या पायाला जसा आराम पडला, तसा ऐकणाऱ्यांच्या पायांना पडो. ज्यांना वाकता येत नाही, त्यांच्या पायांशी कोणी तरी बसो. आणि ही कथा ज्या घरात सांगितली, त्या घरच्या चुलीपुढे कधी दगड न येवो.